वर्गमूळ काढून आलेली यथार्थता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमचा अंक इथं वडोदऱ्याला, आमच्या दांडिया बाजारात, दुपारच्या चहाला हाती पडतो. मुंबईच्या वाचकांची पत्रं तुमच्या टेबलावर पोचतात तेव्हा मी अजून पहिलं पान उलटत असते. या खेपेला मात्र उशीर मुद्दाम केला. रविवारच्या पुरवणीतला 'तुमचा ई.क्यू. किती?' हा भावनिक बुद्धिमत्तेवरचा, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखण्या-सांभाळण्याच्या जाणीवरचा, लेख वाचला, त्याखालच्या चौकटीतली वीस वाक्यं आधी स्वतः सोडवली, मग सुनेकडून सोडवून घेतली, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसले.

मी संख्याशास्त्राची निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं इथल्या एका महाविद्यालयात बी.एड., एम.एड. आणि मानसशास्त्राच्या मुलांना हा विषय शिकवला. गणित टळावं म्हणून ज्यांनी ही शाखा घेतली त्यांच्यापुढे गणित घेऊन उभं राहायचं, असं ते काम. शिकवणं गुजरातीतून. त्यामुळे माझ्या तोंडी काही शब्द गुजरातीच बसले आहेत. मराठी पुस्तकांत चाचणीच्या ज्या गुणाला 'सप्रमाणता' किंवा 'वैधता' म्हणतात, त्याला आमच्याकडे 'यथार्थता' म्हणतात. चाचणी जे मोजते असं सांगते, तेच मोजते का? यथार्थता म्हणजे एवढंच. मला गुजराती शब्द जास्त पटतो, या पत्रात तोच वापरते.

चौकटीत मला १०० पैकी ८४ गुण पडले. श्रेणी 'उत्कृष्ट', पुढे 'तुमच्यात नेतृत्वाचे गुण आहेत'. सुनेनं तीच वीस वाक्यं 'आई कशा वागतात' असं धरून सोडवली. तिच्या हिशेबानं मी ६१, 'सुधारणेस वाव'. 'रागाच्या भरात मी कधीच बोलत नाही' या वाक्यापुढे मी पाचपैकी पाच लिहिले होते. तिनं पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, खरं लिहू ना?" मग दोन लिहिले. माणूस एक, वाक्यं तीच, फरक तेवीस गुणांचा. यातलं कुठलं माप धरायचं, हे चौकटीत कुठे नव्हतं.

लेखातली एक चूक आधी सांगते, कारण ती तुम्हाला दोन ओळींत दुरुस्त करता येईल. आयुष्यातल्या यशात भावनिक बुद्धिमत्तेचा वाटा ८० टक्के असतो, असं लेखात ठामपणे छापलं आहे. असं कुठल्याही चाचणीनं कधी दाखवलेलं नाही. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेवर निबंध लिहिला. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकानं तो शब्द घरोघरी नेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही झळकला. गोलमन यांनी लिहिलं ते असं, की यश ठरवणाऱ्या गोष्टींत बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के धरता येईल, बाकीचे ८० इतर गोष्टींचे. त्या इतर गोष्टींत माणूस कुठल्या थरात जन्मला हे आलं, नशीबही आलं. वाचणाऱ्यांनी ते सगळे ८० उचलून ई.क्यू.च्या पदरात घातले. असा अर्थ काढू नका, असं खुद्द गोलमन यांना पुढे सांगावं लागलं. पगारातला पाचवा हिस्सा घरभाड्याला गेला, म्हणून बाकीचा सगळा दुधावाल्याला गेला म्हणावं, तसा हा हिशेब आहे.

आता घरात घडलं ते. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा नातू यंदा इंजिनीअर झाला. बाहेरगावची एक कंपनी कॉलेजात मुलं निवडायला आली होती. काम पायपिंग डिझाइनचं, म्हणजे दिवसभर संगणकासमोर बसून नळ्यांचे आराखडे काढायचे. लेखी परीक्षेत तो वरच्या पाचांत होता. मग चाळीस मिनिटांची ऑनलाइन 'ई.क्यू. असेसमेंट' झाली. त्याचा अहवाल रंगीत, गोल गोल तक्त्यांचा. भावनिक बुद्धिमत्ता ९२, कंपनीची मर्यादा ९५. नाव यादीतून गेलं.

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'ब्याण्णव' पडलं. चुलतभाऊ हाक मारतात, "ए ब्याण्णव, पाणी आण." शेव-उसळीच्या गाडीवर मित्रही तेच म्हणतात. जाऊबाईंनी तर जुनी उदाहरणं काढली: लहानपणी हा पाहुण्यांसमोर यायचा नाही, वाढदिवसाला रडायचा. आकडा आला की पुरावे मागून आपोआप गोळा होतात. हाच मुलगा गेल्या पावसाळ्यात आजोबांच्या उशाशी दवाखान्यात अकरा रात्री होता. आजोबा नर्सबाईंवर खेकसले की बाहेर जाऊन तिची समजूत तोच काढायचा. पण हा एक किस्सा झाला. एका किश्शानं चाचणी खोटी ठरत नाही, हे मी मुलांना तीस वर्षं बजावत आले, तेव्हा ते इथं माझ्या सोयीनं विसरता येणार नाही.

म्हणून मी त्याला म्हटलं, अहवाल आण. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५, एवढंच. विश्वसनीयतेचा, म्हणजे पुन्हा मोजलं तर गुण कितपत तसेच येतील याचा, आकडा नाही, यथार्थतेचा तर नाहीच. मग मीच उदार झाले. धरू की विश्वसनीयता ०.८४ आहे. स्वतःबद्दलची वाक्यं असलेल्या प्रश्नावलीला हा आकडा चांगला म्हणतात. एकातून ०.८४ वजा केले की ०.१६ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.४, त्याला पंधरानं गुणलं की ६. ही मापनाची प्रमाण त्रुटी. पडलेल्या गुणाच्या दोन्ही बाजूंना तिच्या दुपटीची पट्टी धरायची रीत आहे. म्हणजे आमच्या 'ब्याण्णव'चा खरा गुण ८० पासून १०४ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि कंपनीची ९५ ची रेघ त्या पट्टीच्या पोटातच पडते. दोन उमेदवारांची तुलना करायची तर त्रुटी आणखी वाढते, साडेआठाच्या घरात जाते. दोघांत सतरा-एक गुणांचं अंतर असेल तरच खात्रीनं म्हणावं की यांच्यात फरक आहे. इथं तीन गुणांवर मुलगा घरी आला. चाचणी फार चांगली, विश्वसनीयता ०.९१ ची असती, तरी त्रुटी साडेचार भरते आणि पट्टी ८३ ते १०१. तेव्हाही ९५ आतच.

ज्याला ९७ पडले आणि नोकरी लागली तो मुलगाही आमच्या ओळखीचा. चांगला मुलगा आहे, पेढे घेऊन आला होता. मी विचारलं, कसं रे सोडवलंस? म्हणाला, "आजी, जिथं चांगलं वाक्य दिसलं तिथं पाच, वाईट दिसलं तिथं एक. विचार कशाला करायचा?" आमच्या 'ब्याण्णव'नं विचार केला होता. 'मला राग लवकर येतो' यापुढे त्यानं प्रामाणिकपणे तीन लिहिले होते. ही पळवाट अभ्यासकांनाही ठाऊक आहे. २००८ मध्ये डे आणि कॅरोल या दोघांनी एका गटाला नोकरीसाठी अर्ज करतो आहोत असं समजून चाचण्या सोडवायला सांगितलं. स्वतःबद्दलच्या प्रश्नावलीवर त्या गटाचे गुण वर गेले. उत्तर शोधून काढावं लागतं अशा चाचणीवर गेले नाहीत.

हे दोन प्रकार तुमच्या लेखात एकाच पातेल्यात शिजवले आहेत. एका प्रकारात माणसाला त्याच्याबद्दल विचारतात. रूवेन बार-ऑन यांची १९९७ ची प्रश्नावली अशी, १३३ वाक्यांची. तुमची चौकटही त्याच जातीची. पोळ्या गोल येतात का, हे पोळ्या लाटणारीलाच विचारावं तशी ही तऱ्हा. दुसऱ्या प्रकारात पोळी लाटूनच दाखवायची. चेहऱ्याचा फोटो दाखवतात, प्रसंग सांगतात, आणि यात कुठली भावना किती आहे ते ओळखायला लावतात. मेयर, सॅलोवे आणि कारुसो यांची २००२ ची चाचणी अशी आहे, १४१ प्रश्नांची. दोन्ही चाचण्यांवर नाव भावनिक बुद्धिमत्तेचंच. तेव्हा एकीत पुढे असलेला दुसरीतही पुढे असावा, निदान बऱ्यापैकी. २००३ मध्ये ब्रॅकेट आणि मेयर यांनी कॉलेजच्या मुलांवर दोन्ही लावून पाहिल्या. सहसंबंध (दोन्हींचे गुण पूर्ण जुळले तर एक, मुळीच नाही तर शून्य) निघाला ०.२१. त्याचा वर्ग करा, चार टक्के येतात, दोन्हींत सामाईक ते एवढंच. एकाच रुग्णाच्या तोंडात दोन थर्मामीटर ठेवावेत आणि त्यांचं एकमेकांशी चार टक्के जमावं! (मेयर हे त्यातल्या एका थर्मामीटरचे जनक, हेही वाचकानं लक्षात ठेवलेलं बरं.) त्याच पाहणीत बार-ऑन यांच्या प्रश्नावलीचं चिंताळू स्वभावाशी मात्र चांगलंच उलटं नातं दिसलं, उणे ०.५७. ती प्रश्नावली तुमची भावनांची जाण मोजण्याऐवजी तुम्ही किती घाबरट नाही हे मोजत असावी, अशी शंका घ्यायला एवढं पुरे आहे.

आता जे सांगायला मुळात हे पत्र लिहायला घेतलं, ते. ते मला स्वतःला अडचणीचं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा विभागात संगणक नव्हता. हातानं फिरवायचं, आकडेमोडीचं फॅसिट यंत्र होतं. त्याची खडखड मला अजून झोपेत ऐकू येते. संशोधन करणाऱ्या मुली संध्याकाळी आकड्यांचे गठ्ठे घेऊन घरी यायच्या. 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द अजून आला नव्हता. समायोजन (परिस्थितीशी जुळवून घेणं), चिंता, आत्मप्रतिमा अशा प्रश्नावल्या चालत. पद्धत ठरलेली होती. दोनशे मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. सम क्रमांकाच्या वाक्यांचे गुण एकीकडे, विषम क्रमांकाचे दुसरीकडे. दोन्हींचा सहसंबंध काढायचा. समजा आला ०.६८. ही अर्ध्या चाचणीची विश्वसनीयता, म्हणून स्पिअरमन-ब्राउन यांचं १९१० चं सूत्र लावायचं: दुप्पट करून एक अधिक तोच आकडा यानं भागायचं. ०.६८ चे ०.८१ झाले. इथपर्यंत सगळं नेमस्त आहे, जगभर करतात.

मग मुली विचारत, "बेन, यथार्थता?" आणि मी ०.८१ चं वर्गमूळ काढून द्यायची. ०.९०.

वर्गमूळ काढण्यात खोट नाही. गॅरेट यांच्या संख्याशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकात ते दिलेलं आहे, नाव 'विश्वसनीयतेचा निर्देशांक'. माणसाला पडलेले गुण त्याच चाचणीवरच्या त्याच्या खऱ्या गुणांशी किती जुळतील, एवढंच तो सांगतो. ती चाचणी नेमकं काय मोजते, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. फार तर यथार्थतेची कमाल मर्यादा कळते: दुसऱ्या कशाशीही ताडून पाहिलं तरी सहसंबंध याच्यावर जाणार नाही. प्रबंधात मात्र टंकलेखकाकडून ओळ येई, 'चाचणीची यथार्थता ०.९० असून ती उच्च आहे.' ०.६८ चे ०.८१, ०.८१ चे ०.९०, आणि मधल्या काळात एकाही नव्या माणसाला एकही नवा प्रश्न विचारलेला नाही. कुणाचं समायोजन खरोखर कसं आहे, हे त्याच्या शिक्षकाला, आईला, शेजाऱ्याला कुणी विचारलेलं नाही.

मला हे तेव्हा कळत होतं का? कळत होतं. वर्गात मी स्वतःच इथल्या चिमणाबाई टॉवरचं उदाहरण द्यायची. टॉवरचं घड्याळ बंद असायचं तेव्हा विचारायची: सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, तीच वेळ दाखवतंय, विश्वसनीयता किती? मुलं ओरडत, "एक!" आणि यथार्थता? हशा. तो हशा घेऊन मी घरी यायची आणि रात्री वर्गमूळ काढून द्यायची. मार्गदर्शकांना ती ओळ हवी असे, मुलींच्या लग्नाच्या तारखा ठरलेल्या असत, मौखिक परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक कधी त्यावर बोट ठेवत नसत. मी कधी एका शब्दानं बोलले नाही. असे किती प्रबंध, मी मोजलेले नाहीत, आणि मोजायचं धाडसही होत नाही.

पुढे दोन हजारनंतर भावनिक बुद्धिमत्तेची लाट आली. बी.एड.च्या विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता, नर्सबाईंची, बँक अधिकाऱ्यांची, क्रिकेट खेळणाऱ्या मुलींची. आपल्या देशात छापलेल्या प्रश्नावल्यांच्या पुस्तिका माझ्यासमोर येऊ लागल्या आणि काहींत मला माझंच अक्षर दिसल्यासारखं झालं: विश्वसनीयता अमुक, 'त्यावरून काढलेली उच्च यथार्थता' तमुक. कॅल्क्युलेटर काढून वर्गमूळ केलं की तंतोतंत जुळे. क्रॉनबॅक आणि मील यांनी यथार्थता कशी सिद्ध करावी लागते ते १९५५ मध्येच लिहून ठेवलं आहे. जे मोजतोय त्याच्याशी नातं असायला हवं अशा गोष्टींशी चाचणीचं नातं दिसलं पाहिजे. १९५९ मध्ये कॅम्पबेल आणि फिस्क यांनी दुसरी बाजू सांगितली: ज्याच्याशी नातं असू नये, त्याच्याशी ते दिसता कामा नये. यासाठी माणसं गोळा करावी लागतात, वर्ष-दोन वर्षं जातात. वर्गमूळाला एक बटण पुरतं.

आमच्या 'ब्याण्णव'च्या अहवालातल्या पहिल्या पानावर 'वैज्ञानिकदृष्ट्या प्रमाणित' असा शिक्का आहे. त्या शिक्क्यामागे काय आहे ते मला माहीत नाही. पण असा शिक्का कसा तयार होऊ शकतो हे मला चांगलंच माहीत आहे.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे उत्तर शोधायच्या चाचणीबद्दल मी अधिक आदरानं बोलेन. तिची एकूण विश्वसनीयता ०.९० च्या वर जाते, आणि सोडवणाऱ्याला लबाडी करणं अवघड. पण तिथं वेगळी अडचण आहे. बेरजेचं उत्तर बरोबर की चूक हे ठरलेलं असतं. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर खिन्नता किती आहे, याचं बरोबर उत्तर कोण ठरवणार? मेयर आणि मंडळींनी दोन वाटा काढल्या. एक, सुमारे पाच हजार लोकांना विचारायचं आणि जितक्या टक्के लोकांनी जे उत्तर दिलं तितके गुण त्या उत्तराला द्यायचे. दोन, भावनांवर संशोधन करणाऱ्या एकवीस तज्ज्ञांना विचारायचं. दोन्ही वाटांनी काढलेले गुण एकमेकांशी खूप जुळतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी बहुमतानं उत्तर ठरवलं की एक विचित्र गोष्ट होते. शंभरांत नव्वदांना न दिसलेली छटा ज्या दहांना दिसते, त्यांचेच गुण कापले जातात. अवघड प्रश्न या परीक्षेत घालताच येत नाही. अवघड म्हणजे बहुतेकांना न येणारा, आणि बहुतेकांना जे येतं तेच इथं बरोबर.

आणि ते पाच हजार लोक आपल्या मांडवीतले नव्हेत. माझ्या सासूबाई रुसायच्या. राग वेगळा, रुसवा वेगळा, अबोला तर त्याहून वेगळा, हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. राग कुणावरही येतो, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यावरसुद्धा. रुसता येतं फक्त आपल्या माणसावर, जो समजूत काढायला येईल अशी आशा आहे त्याच्यावर. अबोल्यात ती आशाही कडेला ठेवलेली असते, पण ताट मात्र वेळेवर वाढलेलं असतं. सासूबाई देवघराकडे तोंड करून बसल्या आहेत आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरलेलं आहे, असा फोटो काढला, तर 'क्रोध', 'दुःख', 'तिरस्कार', 'भीती' यांतल्या कशावर खूण करायची? लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी मी 'क्रोध'वर खूण केली असती. खोबऱ्याचा अर्थ कळायला मला तीन वर्षं लागली. आता आमची गुजराती शेजारीण रीसाते तेव्हा ती रुसते की रागावते, हे मी आजही शंभर टक्के सांगू शकत नाही, आणि चाळीस वर्षं आमची भिंत एक आहे.

बुद्धिमापनाच्या वेळी हे काम आपल्याकडे एकानं मनापासून केलं होतं. धारवाडला डॉ. कामत यांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमत्ता चाचण्या कन्नड आणि मराठी मुलांना बसवल्या. नुसतं भाषांतर केलं नाही. इथल्या मुलांना कुठला प्रश्न कितव्या वर्षी जमतो ते पाहून प्रश्नांची जागा बदलली. 'बिने-कामत' हे नाव अजून टिकून आहे. भावनांच्या चाचण्यांची मात्र अनेकदा वाक्यं तेवढी मराठीत किंवा गुजरातीत येतात. प्रश्नांच्या जागा परक्याच राहतात.

ही हौसही नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये 'सामाजिक बुद्धिमत्ते'चा विचार मांडला. पुढे तिच्या चाचण्या निघाल्या. त्या चाचण्या बऱ्याच अंशी शब्दज्ञानच मोजतात, असं १९३७ मध्ये स्टाइन यांच्या जोडीनं लिहिलं ते खुद्द थॉर्नडाइक यांच्याच मुलानं.

कामाच्या कसोटीवर काय दिसतं, हे सांगून टाकते, कारण कंपन्या त्याचाच हवाला देतात. जोसेफ आणि न्यूमन यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वतःबद्दलच्या प्रश्नावल्यांचा कामगिरीशी सहसंबंध ०.४७ निघाला. मानसशास्त्रात हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा. एवढ्यावर एखाद्यानं जन्म काढला असता. या दोघांनी २०१५ मध्ये आणखी दोन सहकाऱ्यांसह तेच पुन्हा तपासलं. नव्या हिशेबात वरिष्ठांनी दिलेल्या कामगिरीच्या गुणांशी सहसंबंध ०.२९ वर आला. मग त्यांनी कष्टाळूपणा, स्थिर चित्त, मोकळा स्वभाव, सर्वसाधारण बुद्धी, स्वतःवरचा विश्वास अशा आधीपासून मोजता येणाऱ्या गोष्टींचा वाटा बाजूला काढला. उरलं उणे ०.०२. म्हणजे शून्य. या प्रश्नावल्या जुन्याच वस्तूंची नवी पिशवी होत्या. स्वतःचा गाजलेला आकडा स्वतःच खाली आणणाऱ्या या माणसांबद्दल मला जे वाटतं, ते वर्गमूळाची हकिगत वाचलेल्याला वेगळं सांगायला नको.

त्यांच्या २०१० च्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. ज्या कामात दिवसभर लोकांपुढे चेहरा सांभाळावा लागतो, तिथं भावनिक बुद्धिमत्तेचा उपयोग दिसतो. जिथं तसं नसतं, तिथं नातं उलटंही पडतं. पाहुणे सांभाळायच्या नोकरीला ही चाचणी लावली तर मी निदान ऐकून घेईन. नळ्यांचे आराखडे काढणाऱ्या मुलाला कुणासमोर हसायचं असतं?

अलीकडे आमच्या भागात एका क्लासचं पत्रक फिरतं आहे, 'तीस दिवसांत मुलांचा ई.क्यू. वाढवा, आधीची आणि नंतरची चाचणी मोफत'. चौथीतल्या मुलांच्या आया विचारायला येतात. त्यांना मी एवढंच सांगते, की पहिल्या चाचणीत ज्याला फार कमी पडले त्यालाच तुम्ही क्लासला घालणार. विश्वसनीयता ०.८४ असेल तर ८० गुण पडलेल्या मुलांना दुसऱ्या खेपेला सरासरीनं ८३ पडतील, क्लासला गेली तरी आणि घरी झोपली तरी. टोकाचा आकडा दुसऱ्या खेपेला सरासरीकडे, इथं १०० कडे, सरकतोच, हे गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवर दाखवून दिलं आहे. क्लासवाले त्या तीन गुणांचे पैसे घेतात. आया हसतात आणि तरी पैसे भरतात. शेजारणीच्या मुलाचे वाढले म्हणे.

तर माझं मागणं. ८० टक्क्यांची दुरुस्ती छापावी, ती त्याच पुरवणीत, आतल्या पानावर बारीक अक्षरांत नको. चौकट पुन्हा छापायची झाली तर खुशाल छापा, रविवारी वेळ बरा जातो. पण खाली श्रेणी छापू नका, आणि वाक्यं घरातल्या दुसऱ्या कुणाकडून सोडवून घ्यावीत अशी सूचना द्या. आमच्या घरात त्यातून जे बोलणं निघालं ते कुठल्याही श्रेणीपेक्षा बरं होतं. सून आणि मी 'रागाच्या भरात' या वाक्यावर अर्धा तास बोललो, त्यात दोनदा आवाज चढला. आणि तुमच्या वाचकांपैकी ज्यांच्या मुलांना असा रंगीत अहवाल मिळेल, त्यांना कळवा की कंपनीला चाचणीचं नाव, कुठल्या लोकांवर ती बसवली आणि मापनाची प्रमाण त्रुटी किती, हे विचारता येतं. आमच्या मुलानं माझ्या सांगण्यावरून ईमेल केला आहे. तीन आठवडे झाले. रोज सकाळी जाऊबाई विचारतात, "आलं का रे उत्तर?" आणि तो म्हणतो, "ब्याण्णवला कोण उत्तर देतंय?"

ज्या मुलींना मी वर्गमूळ काढून दिलं, त्यांतल्या काही आता मुख्याध्यापिका आहेत आणि तुमचा अंक त्यांच्याही घरी येतो. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर बरं होईल, म्हणून ईमेल किंवा खाजगी पत्र न लिहिता इथं लिहिलं.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचं झाल्यास थॉर्नडाइक कापा, गॉल्टन कापा, वर्गमूळ ठेवा.

आपली वाचक,
संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा